कळशी बाहेरच्या खोलीत

'मुंबईचा जावई' या नावात केवढा रुबाब होता, हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागेल. १९७० साली गावाकडच्या घराला मुंबईचा जावई मिळाला की मुलीने नशीब काढलं असं म्हणायचे. कायमची नोकरी, एक तारखेला पगार, घरात वीज, नळाला पाणी. चौकशी व्हायची ती मुलाच्या शिक्षणाची, गोत्राची, फार तर सासूच्या स्वभावाची. घरात माणसं किती आणि खोल्या किती, हा भागाकार मात्र सोयरीक जमवताना कुणी करत नसे. राजा ठाकूर यांनी दिग्दर्शित केलेला 'मुंबईचा जावई' हा १९७०चा चित्रपट याच भागाकारावर उभा आहे. कथा व. पु. काळे यांची, गाणी गदिमांची, संगीत सुधीर फडके यांचं, पडद्यावर शरद तळवलकर, अरुण सरनाईक अशी मंडळी. वपु पेशाने वास्तुविशारद होते. ज्याचं रोजचं काम खोल्यांच्या लांबी-रुंदीशी, त्यालाच ही गोष्ट सुचावी यात मला नवल वाटत नाही.

दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, बासू चटर्जींनी राजश्रीसाठी हीच गोष्ट हिंदीत केली, 'पिया का घर' या नावाने. त्यांचा पहिला चित्रपट 'सारा आकाश'. तोही एकत्र कुटुंबात अडकलेल्या नवविवाहित जोडप्याचाच होता, पण त्यातलं घर आग्र्याचं आणि अबोला मनातला. 'पिया का घर'मध्ये नवराबायकोंत अबोला नाही, उलट एकमेकांशी बोलण्यासाठी दोघं आसुसलेले आहेत. अडचण आहे ती जागेची. गावाकडच्या ऐसपैस घरात वाढलेली मालती, म्हणजे जया भादुरी, लग्न होऊन मुंबईत येते आणि तिला कळतं की आपला संसार स्वयंपाकघरात मांडायचा आहे. सासू-सासरे, दीर, जाऊ, पत्ते कुटायला येणारे सासऱ्यांचे मित्र. सगळी माणसं चांगली. खाष्ट सासू नाही, हुंड्यासाठी छळ नाही, खलनायक कुणीच नाही. आणि तरीही एका नवऱ्याला आपल्या बायकोशी दोन शब्द बोलता येत नाहीत.

मला हा चित्रपट, दोन्ही भाषांतला, अतिशय प्रिय आहे. किती वेळा पाहिला ते मोजलेलं नाही. आणि तो इतका प्रिय आहे म्हणूनच त्याचं नाव घेऊन गेली पन्नास वर्षं आपण जो धडा देत आलो आहोत त्याला माझा विरोध आहे. 'बघा, तेव्हा दोन खोल्यांत दहा माणसं राहायची आणि किती सुखी होती. आता तीन खोल्या आहेत आणि एकमेकांचं तोंड बघवत नाही.' हे वाक्य प्रत्येक लग्नघरात, प्रत्येक सोसायटीच्या सभेत कुणीतरी म्हणतंच. बहुधा पुरुष म्हणतो. त्या दोन खोल्यांत मी वाढले आहे, म्हणून मला यावर बोलायचं आहे.

आमचं बिऱ्हाड गिरगावात होतं. बाहेरची खोली दहा बाय बारा, आतली स्वयंपाकाची त्याहून लहान, तिच्याच कोपऱ्यात मोरी. दोन्ही खोल्यांच्या मध्ये चौकट होती, दार नव्हतं. आजी-आजोबा, आई-बाबा, मी, धाकटा भाऊ, आत्या आणि काका अशी आठ माणसं. आई-बाबा स्वयंपाकघरात झोपायचे, बाकीचे बाहेर. उन्हाळ्यात आजोबा आणि काका गॅलरीत. १९७९ साली काकाचं लग्न झालं आणि आम्ही नऊ झालो. पूजा झाली, पाहुणे गेले आणि त्या रात्री आईने स्वयंपाकघरातली आपली गादी गुंडाळून बाहेर आणली. मी नऊ वर्षांची होते. ती गादी घेऊन आई चौकटीत उभी राहिली आणि तिने आजीला विचारलं, "कुठे घालू?" आजीने दाराजवळची जागा दाखवली. संपलं. तेव्हा आई एकतीस वर्षांची होती. त्यानंतर अकरा वर्षं, आम्ही गिरगाव सोडेपर्यंत, आई-बाबा सात माणसांच्या ओळीत झोपले, मध्ये आम्ही दोघं मुलं.

त्या रात्री आजीने आणखी एक गोष्ट केली. पाण्याची कळशी स्वयंपाकघरात तिवईवर असायची. ती तिने उचलून बाहेरच्या खोलीत, देवाच्या फळीखाली आणून ठेवली. वर फुलपात्र उपडं घातलं. चौकटीला दोरी बांधून आपलं एक जुनं लुगडं अडकवलं. त्यानंतर रोज रात्री जेवणं आटोपली, भांडी घासून झाली की कळशी बाहेर यायची आणि पहाटे परत आत जायची. का, ते कधी कुणी बोललं नाही. रात्री तहान लागली म्हणून कुणी आत जाऊ नये, एवढ्यासाठी. मोरीवर जाणं अगदीच चुकवता येणार नसेल तर आजी चौकटीपाशी थांबून दोनदा खाकरायची, चार श्वास जाऊ द्यायची आणि मग पडदा बाजूला करायची. आम्हा मुलांनाही तिने तेच शिकवलं होतं. आम्हाला वाटायचं, रात्री मोरीत पाल असते, तिला हाकलण्यासाठी खाकरायचं असतं.

आजी चौथीपर्यंत शिकलेली. पण लग्न झालेल्या दोन माणसांना जगापासून थोडं वेगळं होता आलं पाहिजे, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. तिच्या हातात होतं ते तिने दिलं: एक लुगडं, एक कळशी आणि खाकरणं. भिंत देणं तिच्या हातात नव्हतं. ती ज्यांच्या हातात होती त्यांनी काय केलं, हा माझा प्रश्न आहे.

'पिया का घर'चा शेवट आठवून पाहा. मालतीची कुचंबणा माहेरी कळते, काका तिला न्यायला येतात. तेव्हा घरातला एकेक माणूस पुढे होऊन म्हणतो की मी दुसरीकडे राहायला जातो, पण या दोघांना जागा होऊ दे. ते ऐकून मालती विरघळते आणि राहायचं ठरवते. या शेवटाचा अर्थ आपण काय लावला? सून शहाणी निघाली, तिने जुळवून घेतलं. मला तो कधीच तसा दिसला नाही. त्या दृश्यात आधी झुकतात ते घरातले मोठे. सून मागते आहे तो हट्ट नाही, तिचं म्हणणं रास्त आहे, हे अख्खं घर मोठ्याने कबूल करतं. ती राहते ती या कबुलीमुळे. हा शेवट पाहून डोळे पुसत बाहेर पडलेल्या प्रेक्षकांनी त्यातला पहिला अर्धा भाग वाटेत सांडला आणि दुसरा अर्धा तेवढा घरी नेला. मग पुढच्या प्रत्येक सुनेला सांगितलं गेलं, बघ, जया भादुरी राहिली की नाही?

चित्रपटालाही इथे थोडा दोष देते, प्रेमानेच. कबुली मिळाली, पण खोली मिळाली नाही. पडदा पडला तेव्हा घर तेवढंच होतं आणि माणसंही तेवढीच. दुसऱ्या दिवशी रात्री ती दोघं कुठे बोलली असतील? विनोदी चित्रपटाला एवढं विचारू नये, हे मला समजतं. पण शहराला तरी विचारता येईल ना.

'का रे दुरावा' हे गाणं महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही? आशा भोसले यांचा तो आवाज. रुसलेल्या नवऱ्याला बायको विचारते आहे, हा दुरावा कशाचा, हा अबोला कशाचा. 'मुंबईचा जावई'मधलं हे गाणं आकाशवाणीवर लागायचं तेव्हा आमच्या खोलीत ते नऊ जण एकत्र ऐकायचे. आत्या भाजी निवडत, बाबा दाढी करत, काकू पोळ्या लाटत. आज त्याचा विचार केला की पोटात तुटतं. बायकोने नवऱ्याला एकांतात विचारायचा प्रश्न, आणि तो ऐकायला घरातल्या कुणालाच एकांत नाही. काकूने पुढे बऱ्याच वर्षांनी, नातवाच्या बारशाला, मला एक वाक्य सांगितलं. "पहिले सहा महिने मी ह्यांच्याशी कुजबुजतच बोलत होते गं. माझा आवाज कसा आहे ते ह्यांना चौपाटीवर गेल्यावर कळलं." ती हसत होती, मीही हसले. पण त्या वाक्याने माझ्या मनातलं चाळीचं चित्र बदललं ते कायमचं.

यावर ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. 'त्याच खोल्यांत पिढ्या जन्मल्या ना? मग अडचण कसली?' हे उत्तर मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी मला त्यांची लाज वाटली आहे. मुलं होण्यासाठी अंधार आणि मुकाट्याने उरकलेली दहा मिनिटं पुरतात. संसार होण्यासाठी ती पुरत नाहीत. दिवसभराचं बोलायचं असतं, भांडायचं असतं, मोठ्याने रडायचं असतं, उगाच खिदळायचं असतं, पैशांची ओढाताण सासऱ्यांच्या कानावर न जाता ठरवायची असते. भांडण होऊन मिटायलासुद्धा जागा लागते. जागा नसली की भांडण गिळलं जातं आणि गिळलेलं भांडण वीस वर्षांनी भलत्याच निमित्ताने बाहेर येतं. आमच्या घरात ते आलं. ते इथे सांगणार नाही.

आणि हे गिळणं दोघांना सारखं नव्हतं. पुरुषाला गॅलरी होती, नाका होता, इराण्याचं हॉटेल होतं, ऑफिस होतं. काका चिडला की चपला घालून खाली उतरायचा आणि तासाभराने विडा खाऊन वर यायचा. काकू कुठे उतरणार? चाळीतल्या बाईला रडायचं असेल तर मोरीत नळ सोडून रडावं लागायचं, आणि नळालाही ठरावीक वेळीच पाणी. 'दोन खोल्यांतलं सुख' असं जे म्हणतात त्यांनी एकदा त्या खोल्यांतल्या बायकांना एकेकटीला विचारावं. चारचौघांत त्या हो म्हणतील.

मी चाळीची निंदा करत नाही. माझ्या बाळंतपणात शेजारच्या बायकांनी जे केलं ते सख्ख्या बहिणीने केलं नसतं. आजारी माणसाजवळ रात्र काढायला कुणाला बोलवावं लागायचं नाही. गणपतीतले, दिवाळीतले ते दिवस माझ्या हाडामांसात आहेत. पण माणसांनी एकमेकांना दिलेली माया आणि खोलीचं क्षेत्रफळ यांचा आपण उगाच संबंध जोडून बसलो. दाटी होती म्हणून माया होती, असं म्हणायला लागलो. माया दाटी असूनही होती. लोकांनी ती मोठ्या कष्टाने टिकवली, कळशी रोज बाहेर काढून टिकवली. त्या कष्टांचं श्रेय दाटीला देणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

आता सरकारकडे वळू. १९६१ ते १९७१ या दहा वर्षांत मुंबईची लोकसंख्या साधारण साडेएकेचाळीस लाखांवरून साठ लाखांच्या घरात गेली. 'मुंबईचा जावई' आला तो या दशकाच्या टोकाला. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या बीडीडी चाळी, म्हणजे ब्रिटिश काळात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या चाळी, त्याआधी पन्नासेक वर्षं उभ्या होत्या. २०७ इमारती आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत गिरणीची पाळी करून आलेला माणूस दिवसा झोपायचा आणि रात्रपाळीला निघालेल्या माणसाची वळकटी दुसरा वापरायचा. बिऱ्हाड वाढलं तरी खोली वाढणार नव्हती. तिथे सुना आल्या, नातसुना आल्या. १६० चौरस फुटांत दोन-तीन जोडपी हा काही लाखांत एखादा किस्सा नव्हता, तो त्या इमारतींतला रोजचा व्यवहार होता.

एक गोष्ट मला कळली तेव्हा मी चकित झाले. केंद्र सरकारने शहरी घरांची तूट मोजण्यासाठी प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचा गट नेमला होता. २०१२ साली त्यांनी आकडा दिला: देशातल्या शहरांत १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची तूट. यातले पार बेघर किती? सुमारे ५ लाख ३० हजार. मोडकळीला आलेली आणि कच्ची घरं धरली तर आणखी बत्तीस-तेहतीस लाख. उरलेली जवळजवळ दीड कोटी, म्हणजे एकूण तुटीच्या ऐंशी टक्के, ही 'दाटी'ची घरं. डोक्यावर छप्पर आहे, पण घरातल्या एखाद्या जोडप्याला स्वतःची अशी खोली नाही, ती घरं. सरकारी कागदावर, सरकारच्याच तज्ज्ञांनी लिहून ठेवलं आहे की जोडप्याला खोली नसेल तर ते घर पुरेसं नाही. आजीने कळशी बाहेर ठेवून जे सांगितलं, तेच. आपल्या जनगणनेतही घरयादी करताना घरात खोल्या किती आणि विवाहित जोडपी किती, हे दोन्ही विचारतात. सोयरीक जमवताना कुणी न केलेला तो भागाकार सरकारला येतो. माहिती नाही असं नाही.

पण घर वाटायची वेळ आली की हा भागाकार कपाटात जातो. झोपडपट्टी पुनर्वसनात घर मिळतं ते झोपडीला एक. १९९५ च्या योजनेत ते २२५ चौरस फूट होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. आकडा वाढला याचा आनंद आहेच. तो आकडा वाढावा म्हणून लोकांनी मोर्चे काढले आहेत. पण ३०० चौरस फुटांत राहणारी माणसं चार आहेत की नऊ, जोडपं एक आहे की तीन, हे कुणी विचारत नाही. बीडीडीचं पुनर्वसन त्या मानाने फार बरं. १६० च्या जागी ५०० चौरस फूट, दोन बेडरूमचं घर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या तेव्हा मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. शंभर वर्षांनी तिथल्या एखाद्या घरात आतून कडी लागली असेल, असं मनात येऊन गेलं. पण तिथेही हिशेब खोलीमागे एक घर असाच आहे. ज्या खोलीत तीन भावांचे संसार होते, तिथे नव्या घरातल्या दोन बेडरूम दोन भावांना मिळतील आणि तिसरा भाऊ हॉलमध्ये येईल. माझी आई जशी आली.

माझं म्हणणं साधं आहे. पुनर्वसनाची पात्रता ठरवताना पुरावे तपासतात, पावत्या तपासतात, जुन्या मतदारयाद्या काढतात. त्याच रांगेत एक रकाना वाढवावा: घरात जोडपी किती. एकाहून जास्त असतील तर त्या कुटुंबाला मोठं घर रास्त दरात विकत घेण्याचा हक्क द्यावा, दुसऱ्या जोडप्याला जवळपास भाड्याची खोली मिळवून द्यावी. भाड्याची घरं हा विषयच आपण सोडून दिला आहे. लग्न झालेल्या मुलाला दोन-चार वर्षं परवडेल अशी भाड्याची खोली या शहरात बांधायची कुणाला गरज वाटत नाही. आणि जिथे ३०० चौरस फुटांपुढे जाणं जमतच नाही तिथे निदान आराखड्यात एक बंद होणारी खोली असावी, अख्खी जागा मोकळी ठेवून 'बहुउद्देशीय' असं नाव देऊ नये. त्यात दार हवं. आतून कडी लागणारं दार. खर्च वाढेल म्हणतील. या शहरात गाड्या उभ्या करायला मजल्यावर मजले बांधले जातात, त्यांचं क्षेत्रफळ नियमाने ठरतं, गाडीमागे इतकं. गाडीमागे जागा मोजता येते तर जोडप्यामागेही मोजता येईल.

घरात दार नाही म्हणून जोडपी समुद्राकडे जातात. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर शहराकडे पाठ करून बसलेली ती रांग आपण सगळ्यांनी पाहिली आहे, कित्येकांनी त्या रांगेत बसून पाहिली आहे. माझे काका-काकू तिथे नवरा-बायको म्हणून बसायचे, मंगळसूत्र दिसेल असं. तरी हवालदार काठी आपटत यायचा. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी मढ आणि आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून खोल्यांतल्या सज्ञान जोडप्यांना बाहेर काढलं, त्यांच्यावर सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाची कलमं लावली. बंद खोलीत, पैसे भरून घेतलेल्या. २०२१ मध्ये बोरिवलीत एका सोसायटीने समोरच्या रस्त्यावर चुंबनबंदीचा फलक रंगवून घेतला. त्या सोसायटीतल्या लोकांचा त्रास मी समजू शकते, घराच्या खिडकीतून रोज तेच दिसत असेल. पण रस्त्यावर थांबणाऱ्या त्या मुलामुलींना जायला जागा कोणती, हे त्या फलकावर लिहिलेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलं की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. तो हक्क बजावायला चार भिंती लागतात, आणि भिंती न्यायालय देत नाही.

दुसरी एक गोष्ट आपल्याच घरातली आहे, ती सरकारवर ढकलता येणार नाही. जागा आली तरी मन आलेलं नाही. दोन बेडरूमच्या घरांतही सुनेने दुपारी दार लावून घेतलं की सासूच्या कपाळाला आठी पडते. 'दार कशाला लावायचं, आपल्याच घरात आहोत ना.' रविवारी सकाळी नऊपर्यंत दार उघडलं नाही की चहा घेऊन कुणीतरी टकटक करतं. माझ्या ओळखीच्या एका घरात बेडरूमच्या दाराची कडी मोडली ती तीन वर्षं बदलली गेली नाही. सुताराला बोलवायचं म्हटलं की विषय बदलायचा. ज्या आजीकडे दारच नव्हतं ती खाकरून आत जायची, आणि ज्यांच्याकडे दार आहे ती माणसं न वाजवता आत शिरतात. संस्कार संस्कार म्हणतो ते यातलं कुठलं?

आणि म्हाताऱ्या जोडप्यांचं तर कुणी नावच घेत नाही. लग्न झालेल्या मुलाला बेडरूम द्यायची हे आता बहुतेक घरांत ठरून गेलं आहे, चांगलं आहे. पण मग आई-वडील हॉलमध्ये येतात, सोफा-कम-बेडवर. टीव्ही बंद होईपर्यंत आडवं होता येत नाही, पहिल्या दूधवाल्याला उठावं लागतं. साठी उलटली म्हणजे नवराबायकोंना एकमेकांशी बोलायचं काही उरत नाही, असं आपण कशावरून धरून चाललो? गुडघे दुखतात ते कुणाला सांगायचं, मृत्युपत्र कसं करायचं, मुलीकडून मनाला लागलेलं कुणापाशी काढायचं? तिशीत गादी उचलून बाहेर आलेली आई साठीत पुन्हा गादी उचलते. दोन्ही वेळा ती आनंदाने केली म्हणून सांगते.

मी आईला एकदा विचारलं होतं. बाबा गेल्यानंतरची गोष्ट. त्या रात्री, काकाच्या लग्नात, तुला काय वाटलं? ती बराच वेळ तूरडाळ निवडत राहिली. मग म्हणाली, "वाटायला वेळ कुठे होता. गादी घालायची होती." थोड्या वेळाने, ताट बाजूला ठेवून, तिने एवढंच विचारलं, "पण ते अकरा वर्षं झाली का गं? मला वाटलं होतं आठ."

काका-काकू आता डोंबिवलीला असतात. काका पंच्याहत्तरी ओलांडून गेला आहे. एक बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. मुलाचं लग्न झालं तेव्हा त्यांनी बेडरूम दिली आणि दोघं हॉलमध्ये आले, कुणी न सांगता. गेल्या गणपतीत मी तिथे मुक्कामाला होते. रात्री साडेनऊच्या सुमारास सुनेने पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या, एक तांब्याही भरून घेतला आणि सगळं आपल्या खोलीत नेऊन ठेवलं. स्वयंपाकघरात जायचं तर हॉलमधून जावं लागतं. जाताना तिने टीव्हीचं बटण बंद केलं, हॉलमधला मोठा दिवा मालवला, आपलं दार लोटून घेतलं. ती मुलगी नाशिकची, तिच्या माहेरी मोठा वाडा होता. आमच्या कळशीची गोष्ट तिला कुणी सांगितलेली नाही. मी स्वयंपाकघरात अंथरूण घातलं होतं. थोड्या वेळाने हॉलमधून काका-काकूंचं बोलणं ऐकू यायला लागलं, उद्याच्या नैवेद्याचं, कुणाच्या तरी आहेराचं. इतक्या वर्षांनंतरही दोघं कुजबुजतच होती.